फान दादांनी स्वतःवर घेतलेला आळ

आमच्या थौफन शहरातल्या वृद्धाश्रमातलं नेटवर्कचं काम बारा वर्षं फान चिन-थ्यान एकटेच बघत. माणूस भला, पण अबोल. मी कार्यालयात बसते; चहा पाजून पाजून मीच त्यांना बोलतं केलं.

खाटांजवळच्या घंटा आणि पाहुण्यांचं वाय-फाय त्यांनी एकाच स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या तारा जिथे येतात त्या पेटीवर, जोडलं होतं. घंटांचे आयपी पत्ते एका मालिकेतले, पाहुण्यांचे दुसऱ्या. पत्ते वेगळे म्हणजे वाटाही वेगळ्या, असा संचालकबाईंचा समज. पण स्विच ते पत्ते बघतच नाही. एखाद्या यंत्राने सगळ्यांना उद्देशून हाक मारली, की ती दोन्हीकडे ऐकू जाते.

"बाई, स्विचमध्येच दोन विभाग पाडून देतो. अर्ध्या दिवसाचं काम," दादा दरवर्षी म्हणत.

"चालतंय ना? मग कशाला खाजवून खरूज काढता!" बाई म्हणत, आणि कपाटातल्या स्विचवर, यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडच्या समजुतीप्रमाणे ठेवलेलं खाऊचं हिरवं पाकीट सरळ करत.

मार्चमधल्या एका दुपारी वीज गेली आणि आली. त्यानंतर लो आजी घंटा दाबत राहिल्या, कुणी आलं नाही. त्या एकट्याच उठल्या, पडल्या, खुबा मोडला. त्यांचा मुलगा सेविका युए-चाओच्या अंगावर धावून गेला. "झोपा काढायला पगार घेतेस का गं?"

ती रडत होती. बाईंनी स्विचचं कपाट उघडलं, तर खाऊच्या पाकिटाची मुदत संपलेली. "तरीच!" त्या म्हणाल्या. तरी युए-चाओला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगून मोकळ्या झाल्या. मला संताप आला.

दादांना तासाभरात कारण सापडलं. आजींच्या टीव्हीमागे एक नवा राउटर होता, मुलानेच आणून भिंतीतल्या नेटवर्कच्या खाचेत जोडलेला, आईची टीव्हीवरची नाटकं अडखळू नयेत म्हणून. वीज आल्यावर घंटांनी पत्ता मागितला, तो आश्रमाच्या यंत्राआधी या राउटरनेच देऊन टाकला, आणि तोही भलत्याच मालिकेतला. सेविकांच्या टेबलावरच्या संगणकाला घंटा सापडेनाशा झाल्या.

दादांनी राउटर पिशवीत टाकला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हिची चूक नाही. माझी जोडणीच चुकीची होती."

"मग इतकी वर्षं काय माशा मारत होता?" मुलगा ओरडला. दादा पिशवी उचलून बाहेर पडले.

बाहेर मी त्यांना गाठलं. "दादा, त्याचा राउटर का दाखवला नाहीत?"

"आईला आपणच पाडलं, हे ओझं तो कुठे ठेवणार? आणि बाई नको म्हणाल्या तेव्हा मी गप्प बसलो, ते खोटं आहे का?"

युए-चाओ राहिली, दादांचं काम गेलं. लो आजींचा मुलगा दर रविवारी येतो आणि माझ्या टेबलाशी उभा राहून दादांना शिव्या घालतो. मी राउटरचं नाव न काढता ऐकून घेते, आणि मला माझीच चीड येते.