काचेखालची चिमी

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत, ते साठत जातात. ऑफिसच्या टेबलावर जाड काच असते ना, तिच्याखाली आपण आधी एक चिठ्ठी सरकवतो, मग एसटीचं टाइमटेबल, मग कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. आत घालायला एक बोट पुरतं, बाहेर काढायचं म्हटलं की काच उचलायला दोन माणसं लागतात! आमच्या भंडाऱ्याच्या ऑफिसातले किस्सेही तसेच. आज काच उचललीच आहे, तर सांगून टाकते.

आधी माझ्याबद्दल. मी टायपिस्ट. नवरा जवाहरनगरला फॅक्टरीत, त्याची शिफ्ट ड्यूटी. आमची चिमी आठ महिन्यांची झाली तेव्हा माझी होती-नव्हती ती सगळी रजा संपली. क्वार्टरमध्ये तिला सांभाळायला कोणी नाही. म्हणून चिमी तुमसरजवळच्या गावी, सासूबाईंकडे. मी शनिवारी संध्याकाळी पोचायची, सोमवारी पहाटेच्या गाडीनं निघायची.

मधल्या दिवसांत मूल आईला विसरतं का? मी ‘बालसंगोपन’ असं नाव असलेली दोन जाड पुस्तकं वाचून काढली. त्यात दात होते, जुलाब होते, देवीची लस होती. हे नव्हतं.

मी तिचा फोटो टेबलावर ठेवायचं ठरवलं.

* * *

पण त्यासाठी काच हवी! आणि आमच्याकडे काच हुद्द्याप्रमाणे. साहेबांना जाड काच, खाली हिरव्या बनातीचं लोकरी कापड. हेडक्लर्क डोंगरेबाबूंना जरा पातळ, बनात नाही. टायपिस्टला काहीच नाही.

एकदा साहेबांच्या हातून पेपरवेट पडला आणि त्यांची काच मधोमध तडकली. नवी आली त्या दिवशी आमचा चपराशी सुखदेव जुन्या काचेचा अर्धा तुकडा छातीशी धरून माझ्यासमोर उभा.

डोंगरेबाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. "टायपिस्टले काच देता येत नाही. नियम हाये."

"पुऱ्या काचेचा असन, बाबूजी," सुखदेव म्हणाला. "अर्धीचा कुठं लिवला हाये?"

डोंगरेबाबूंनी खरोखर नियमांचं पुस्तक काढलं. पाच वाजेपर्यंत शोधत होते. काच राहिली!

* * *

फोटो तुमसरच्या स्टुडिओतला. फोटोग्राफरनं चिमीच्या कानाला खोटा टेलिफोन लावून दिला होता आणि चिमीनं भोकाड पसरलं होतं. दुसरा फोटो काढायला पैसे नव्हते, आणि हसेपर्यंत थांबायला त्याला वेळ नव्हता.

टेबलाशी येणारा प्रत्येक जण विचारायचा, "फोनवर कोनाशी बोलून राहिली?"

आवक-जावक टेबलावरच्या लीलाबाई, चार मुलांची आई, जागेवरूनच उत्तर द्यायच्या, "आईशी! म्हणून तं रडून राहिली!"

* * *

याच लीलाबाईंना एक दिवस वाटलं, येणारे-जाणारे सगळे लेकराकडे पाहतात, नजर लागेल. त्यांनी शिक्क्याच्या पॅडवर बोट टेकवलं आणि चिमीच्या गालाजवळ काचेवर तीट लावली. सुखदेवनं दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओल्या फडक्यानं पुसली. लीलाबाईंनी पुन्हा लावली. त्यानं पुन्हा पुसली. आठवडाभर हे चाललं.

मी शिकलेली बाई. मी म्हटलं, "अहो, मी असलं काही मानत नाही. आणि तीट काळी असते, ही तर जांभळी!"

"ऑफिसातली नजर हाये," लीलाबाई म्हणाल्या. "शिक्क्याच्या शाईलेच भेते."

शनिवारी सगळे गेल्यावर मी हळूच काच उचलली आणि तीट आतल्या बाजूनं लावून टाकली. तिकडे सुखदेवचं फडकं पोचत नाही.

* * *

डोंगरेबाबूंच्या काचेखाली फक्त सेवाज्येष्ठतेची यादी. दुसरं काही नाही. आम्हाला वाटायचं, ह्या माणसाला घरदार आहे की नाही?

एकदा त्यांच्या टेबलावर चहा लवंडला. चहा काचेखाली शिरला. सुखदेवनं आणि मी काच उचलली, तर भिजलेल्या यादीखाली एक फोटो. पांढऱ्या बैलांची जोडी, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. पोळ्याच्या दिवशीचा.

"बाबूजी, बायको-पोराईचा कुठं हाये?" सुखदेवनं विचारलं.

डोंगरेबाबू रुमालानं बैल टिपत होते. "थे घरी गेलो का दिसतेत. हे आता दिसत नाहीत."

सुखदेवनं साहेबांच्या खोलीतला टेबलफॅन उचलून आणला, फोटोसमोर ठेवला. साहेब दारात आले, घाम पुसत म्हणाले, "अरे, आधी ती यादी वाळवा! एकच प्रत आहे!"

"एका मिनिटानं, साहेब," सुखदेव म्हणाला. "आधी बैल."

* * *

मग नागपूरहून तपासणी येणार म्हणून हुकूम निघाला: काचेखाली खाजगी काही नको. मी घाईघाईत चिमीचा फोटो समोरच्या फायलीत सरकवला. दहा मिनिटांनी पाहते, तर फाइल गेलेली!

आमच्या ऑफिसची एक शिस्त आहे. फायलीत कागद आला की त्याच्यावर काहीतरी लिहिल्याशिवाय पुढे सरकवायचा नाही. मी तीन दिवस भीत भीत काढले. चौथ्या दिवशी फोटो परत आला. मागच्या बाजूला लीलाबाईंचा आवकचा शिक्का आणि नंबर. खाली डोंगरेबाबूंचं, "सादर." त्याखाली हिरव्या शाईत साहेबांचं, "पाहिले. मूल अशक्त दिसते. दुधाचे प्रमाण वाढवावे." आणि सही!

मी लीलाबाईंना म्हटलं, "तुम्ही तर ओळखलं असेल ना? तरी नंबर टाकलात?"

"ओळखलं म्हणूनच तं टाकला," त्या म्हणाल्या. "बिननंबरचं इथं हरवते!"

सगळे हसले. मीही हसले. पण ‘अशक्त’ हा शब्द डोक्यातून जाईना. शनिवारी गावी पोचल्या पोचल्या सासूबाईंना विचारलं, दूध किती देता? साहेबांनी असं असं लिहिलं आहे.

सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. "तुह्या साहेबाले म्हणावं, ये, अन् लेकरू उचलून पाह्य."

* * *

पुढचा किस्सा हसण्याचा नाही, पण तो आल्याशिवाय शेवटचा कळणार नाही.

काचेखाली चिमी आठ महिन्यांचीच राहिली. रोज सहा-सात तास तिच्याकडे पाहायची मी, त्यामुळे माझ्या डोक्यातही ती तेवढीच. गावी मात्र ती दीड वर्षाची झाली होती. तपासणीच्या कामात महिनाभर जाणं झालं नव्हतं. मग एका शनिवारी मी टेलिफोनवालं बाळ डोळ्यांपुढे धरून अंगणात शिरले, तर एक झिपरी मुलगी कोंबडीमागे धावत होती. मला पाहून थबकली. सासूबाईंच्या लुगड्यामागे गेली, एक डोळा बाहेर काढला आणि विचारलं, "कोन?"

सासूबाई म्हणाल्या, "वा वं! आई होय ना तुही."

चिमीनं सासूबाईंच्याच तोंडाकडे पाहिलं. तिच्या हिशेबानं आई तीच होती.

सोमवारी ऑफिसात मी एकाच पत्रात तीन चुका केल्या. डोंगरेबाबूंनी पत्र परत केलं नाही. खाडाखोड करून स्वतःच दुरुस्त केलं.

"तुले भेव वाटून राहिलं, तेवढं ते लेकरू विसरत नाही," लीलाबाई म्हणाल्या. पण त्यांची चारही मुलं त्यांच्याजवळच वाढलेली. त्यांना काय माहीत!

* * *

त्यानंतर नाल्याला पूर आला आणि दोन शनिवार एसटी गेलीच नाही. तिसऱ्या शनिवारी मी पोचले, तेव्हा चिमीची जेवायची वेळ होती. मी अंगणातच उभी राहिले. आत जाऊन पुन्हा ‘कोन?’ ऐकायची हिंमत होत नव्हती.

सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, सासूबाई ताटली घेऊन बसल्या होत्या. चिमी एक घास स्वतः खायची, दुसरा मुठीत घेऊन भिंतीकडे धावायची, परत यायची. भिंतीवर, जमिनीपासून जेमतेम दोन हात उंचीवर, एक फोटो खिळ्याला लावला होता. इतक्या खाली फोटो कोण लावतं?

जवळ जाऊन पाहिलं. आमच्या ऑफिसचा ग्रुप फोटो! आधीच्या साहेबांच्या निरोपाचा. माझी प्रत गावच्या पेटीत पडून होती. अकरा माणसं, दोन रांगा. साहेबांच्या मिशा स्वच्छ. डोंगरेबाबूंचा चष्मा स्वच्छ. लीलाबाई, सुखदेव, सगळे लख्ख. मागच्या रांगेत कडेला मी उभी होते. मला चेहराच नव्हता. कालचा वाळलेला भात, परवाचं वरण आणि त्यावर आताची ओली शितं.

मी म्हटलं, "फोटो खराब झाला की."

"खराब काहून होईन?" सासूबाई म्हणाल्या. "दहा जण उपाशी बसले हायेत. तिची आई एकलीच जेवते."