पेन्सिल की सुरी

रविवारी सकाळी साडेसातला जुन्या शहराच्या दगडी कमानीखाली सात-आठ माणसं गळ्यात कॅमेरे अडकवून उभी असतात. माझा मामा काठी टेकत येतो, सगळ्यांना नमस्कार करतो आणि पहिलं वाक्य ऐकवतो, "कॅमेरे पिशवीत घाला." चेहऱ्यांचे फोटो काढायला शिकायचं म्हणून लांबून आलेली ती माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मी मागे पाण्याच्या बाटल्यांचं ओझं घेऊन उभी असते आणि मनात म्हणते, झालं सुरू.

मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. गुडघा कुरकुरतो, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनचा विषय काढला की त्याला ऐकूही येईनासं होतं. मी त्याला सांभाळायला येते. त्याची समजूत मात्र अशी, की मी फोटोग्राफी शिकायला येते आणि माझं डोकं जरा जड आहे. "ठमे, तीन वर्षं झाली," तो चारचौघांत म्हणतो, "अजून तुला उजेड दिसत नाही." माझं वय एक्कावन्न. ठमी हे माझं नाव नाही, पण हे त्याला सांगून मी कधीच दमले.

चाळीस वर्षं त्याचा स्टुडिओ होता, याच जुन्या भागात, चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. उत्तरेला मोठी खिडकी, तिला पातळ पांढरा पडदा, समोर एक स्टूल. घराघरांत फोन आले, फोनांत कॅमेरे आले आणि त्या स्टुलावर बसणारं कोणी उरलं नाही. स्टुडिओ बंद करून मामा पाच वर्षं घरात बसला आणि वर्तमानपत्रातल्या फोटोंवर रोज सकाळी चिडत राहिला. शेवटी एका सहल कंपनीतल्या मुलीने त्याला हुडकून काढलं आणि हा फेरफटका त्याच्या हवाली केला. तेव्हापासून वर्तमानपत्राची सुटका झाली. आता तो पाहुण्यांवर चिडतो.

पण शिकवतो झकास. "फोटो काढू का, असं विचारायचं नाही," तो सांगतो. "तसं विचारलं की माणूस खांदे ताठ करून पासपोर्टला बसल्यासारखा बसतो. आधी त्याच्या कामाचं विचारा. कामाबद्दल बोलायला लागला की चेहरा आपोआप सैल होतो." मग तो सगळ्यांना पुस्तकं बांधणाऱ्याकडे नेतो, कुलुपं दुरुस्त करणाऱ्याकडे नेतो आणि पाहुण्यांना त्यांच्याशी अर्धा तास नुसतं बोलायला लावतो. त्यानंतर कॅमेरे बाहेर निघतात. फोटो चांगले येतात, हे मलाही कबूल करावं लागतं.

या गल्ल्यांतून चालताना त्याला दारं दिसत नाहीत, फोटो दिसतात. "या घरातली पाच भावंडं," तो एकदा काठी वर करून म्हणाला. "मधला दर वेळी डोळे मिटायचा. तीन फिल्म फुकट गेल्या. मग तुझ्या मामीने त्याला दम भरला, खबरदार डोळे उघडलेस तर. त्याने ताबडतोब उघडले." समोरच्या जिन्यावरून उतरणारी नवी नवरी, निवृत्तीच्या दिवशी कोट उसना आणून आलेले मास्तर, मुलगा परदेशी निघाला म्हणून त्याच्याबरोबर एकच फोटो काढून घ्यायला आलेली आई. सगळी मामाच्या स्टुलावर बसून गेली. मीही तिथेच मोठी झाले म्हटलं तरी चालेल. शाळा सुटली की मी पडद्यामागे बसून बिस्किटं खायची आणि मामी गिऱ्हाइकांच्या कॉलरी सरळ करायची, केसांवरून कंगवा फिरवायची, रडक्या पोरांना किल्ल्यांचा जुडगा वाजवून हसवायची. मला तो सगळा काळ फार हवाहवासा वाटतो. त्या खिडकीतल्या उजेडात माणसं घरच्यापेक्षा जास्त मायेने एकमेकांना चिकटून बसत.

मामाचं खरं नाव झालं ते रिटचिंगमुळे. फोटो काढून झाला की तो निगेटिव्ह तिरक्या काचेवर ठेवायचा, खालून आरशाने उजेड द्यायचा आणि डोळ्याला भिंग लावून चेहरा साफ करायला बसायचा. हत्यारं दोनच. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. गालावर काळा डाग असला तर तिथे फिकट ठिपका दिसतो, तो सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने भरायचा. पांढुरका व्रण असला तर तिथे काळी रेघ दिसते, ती सुरीच्या टोकाने हलकेच खरवडायची. गिऱ्हाईक भांडायला आलं, माझा तीळ परत आणा म्हणालं, तर पेन्सिल टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसता येते. सुरीने खरवडलेलं मात्र गेलं ते गेलंच.

मामीच्या गालावर भाजल्याची खूण होती. लहानपणी तापलेली इस्त्री लागली होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मामाने तिला स्वतःच्या स्टुलावर बसवून फोटो काढला. दोन दिवस खपून निगेटिव्हवर काम केलं आणि मोठा फोटो करून, चौकट घालून तिच्या हातात दिला. मामीने तो नीट बघितला आणि म्हणाली, "छान आलाय. ही कोण?"

हा किस्सा मामा पुढे आयुष्यभर सांगत आला. घरात पाहुणा टेकायचा अवकाश, की चौकट भिंतीवरून खाली यायची. "इतकं बेमालूम काम, की बायकोने स्वतःला ओळखलं नाही!" पाहुणे हसायचे, मामी उठून चहा ठेवायला जायची. आम्हीही हसायचो. मी तर हा किस्सा शाळेत निबंधात लिहिला होता.

मामीला जाऊन चौदा वर्षं झाली. घरात तिचा धड फोटो तो एकच, कारण बाकी प्रत्येक फोटोच्या वेळी ती कॅमेऱ्याच्या अलीकडे उभी राहून दुसऱ्याच्या कॉलरी सरळ करत होती. लग्नाच्या फोटोत मान खाली. ओळखपत्रावरचा फोटो तर माझा म्हणूनही खपला असता. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मामाने मला अचानक विचारलं, "ठमे, मामीच्या गालावरची खूण कशी होती गं? काळपट की पांढुरकी?"

मी आठवून बघितलं आणि मान हलवली. ज्या बाईने मला वाढवलं, तिच्या गालाचा रंग मला आठवेना. मला माझीच लाज वाटली.

"मलाही आठवत नाही," मामा म्हणाला. "रोज सकाळी डोळ्यांपुढे आणायला बघतो, तर तो भिंतीवरचा फोटोच येतो. गुळगुळीत. तिचा खरा चेहरा एकदा बघायला मिळाला ना, तर मग हे डोळे गेले तरी चालतील."

"निगेटिव्ह कुठाय?"

"पत्र्याच्या डब्यात. खूण काळपट असेल तर मी पेन्सिल लावली असणार, म्हणजे पुसता येईल. पांढुरकी असेल तर सुरी."

"मग काढ की बाहेर आणि बघ!"

"आणि सुरी निघाली तर?" मामाने माझ्याकडे न बघता विचारलं. "आता निदान तुझी मामी डब्यात आहे असं म्हणता येतं."

मी त्याला भित्रा म्हणाले, आणखीही बरंच काही म्हणाले. जीभ माझी मामीवर गेली आहे. पण डबा काही उघडला गेला नाही. दोन वर्षांत मोतीबिंदू वाढला आणि मी त्या विषयाचा नाद सोडला.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. आमचा घोळका बटणवालीच्या दुकानात शिरला. सत्तरीची बाई, मागे भिंतभर बटणांचे बारीक खण, आणि हनुवटीवर वाटाण्याएवढा तीळ. आमच्यात एक बँकेतले साहेब होते, महागडा फोन घेऊन आलेले. मामाने सांगितल्याप्रमाणे त्यांनी कामाबद्दल विचारलं आणि बाई खुलली. शिंपल्याचं बटण गालाला लावलं की गार लागतं, प्लॅस्टिकचं लागत नाही, असं ती दाखवत असताना साहेबांनी फोटो टिपला. खरोखर सुरेख आला होता. साहेबांनी कौतुकाने फोन तिच्यापुढे धरला.

बटणवालीने चष्मा चढवला, बघितलं आणि म्हणाली, "छान आहे हो. ही कोण?"

सगळे हसले. मीही हसले. मग मी फोनच्या पडद्यावर बघितलं. साहेबांच्या फोनने आपल्याच मनाने बाईच्या सुरकुत्या साफ केल्या होत्या आणि हनुवटीवरचा तीळ पार उडवला होता. साहेबांना त्याचा पत्ताच नव्हता.

"हसताय काय?" बटणवाली म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "हा तीळ माझ्या आईला होता. याच जागी. आई गेल्यावर मी आरशात बघून दिवस काढले. तो काढून टाकलात तर मी कोणाची? तुमच्या त्या डबड्याला माझं तोंड आवडत नसेल तर फोटो काढू नकोस म्हणावं!"

साहेबांची पाचावर धारण बसली. ते फोनमध्ये कुठे काय बंद करायचं ते शोधू लागले. मी मामाकडे बघितलं. अशा वेळी तो पाहुण्याला फाडून खातो, पण आज त्याने साहेबांकडे बघितलंही नाही. दुकानाच्या चौकटीला धरून उभा होता. मग म्हणाला, "आज इथेच थांबू. माफ करा." तीन वर्षांत त्याने एकही फेरफटका अर्धवट सोडला नव्हता. सगळ्यांची समजूत घालायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

मी धावतपळत त्याला गाठलं तेव्हा तो काठी आपटत बराच पुढे गेला होता.

"ती थट्टा करत नव्हती, ठमे," तो म्हणाला.

"बटणवाली? छे, चांगलीच तापली होती."

"तुझी मामी."

चाळीस वर्षं आम्ही सगळे ज्यावर हसलो होतो ते मला आता ऐकू येत होतं, मामीच्या आवाजात.

घरी आल्यावर त्याने चप्पलही न काढता पत्र्याचा डबा खाली घेतला. पाकीट तळाशी होतं. त्याने निगेटिव्ह कडांना धरून माझ्या हातात दिलं. "मला दिसायचं नाही. तू बघ. खिडकीशी जा, तिरकं धर. गालावर चमक दिसते का? पेन्सिल असेल तर शिशाची चमक दिसेल. सुरी असेल तर खरवडा दिसेल."

मी तिरकं धरलं. काहीच दिसेना. मग जरा वळवल्यावर गालावर करडं काहीतरी लकाकलं.

"चमकतंय, मामा."

तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "टर्पेंटाइन आण. आणि कापूस."

मी पुसणार नाही असं मी आधीच सांगून टाकलं. तसं त्यालाही ते दुसऱ्या कोणाला करू द्यायचं नव्हतं. चहाचा कप धरताना थरथरणारा हात निगेटिव्हवर आला आणि शांत झाला. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटांना वाट ठाऊक होती. कापूस करडा झाला. त्याने दुसरा बोळा घेतला, तोही करडा झाला. गालावरून तो डोळ्यांखाली गेला, मग ओठांच्या कडांकडे, कपाळाकडे. चार बोळे झाले.

"एवढ्याशा खुणेला एवढी पेन्सिल?" मी विचारलं. तो फुंकर मारून निगेटिव्ह वाळवत होता.

मी खिडकीच्या काचेला पांढरा कागद लावला, त्यावर निगेटिव्ह धरलं, फोनने फोटो काढला आणि काळ्याचं पांढरं केलं. मामी आली. चोवीस-पंचविशीतली, माझ्या मुलीहून लहान. गालावर इस्त्रीच्या टोकाची काळपट खूण. काळपट! मला एकदम सगळं आठवलं, हसताना ती खूण कशी दुमडायची तेसुद्धा, आणि मी लहान पोरीसारखी रडायला लागले.

मी चेहरा मोठा करून फोन त्याच्या डोळ्यांजवळ नेला. त्याने खुणेवर बोट ठेवलं आणि फोटो सरकून भलतीकडेच गेला. "अरे, हात लावायचा नाही!" मी ओरडले. तो हसला, डोळे पुसले, परत बघायला लागला. खूण बघून झाली. मग तो बाकीचा चेहरा बघू लागला आणि त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

मामीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ओठ कडांना खाली ओढले गेले होते. दिवसभर स्टुडिओत उभं राहून, दुसऱ्यांची पोरं हसवून, शेवटच्या उजेडात नवरा बस म्हणाला म्हणून ती स्टुलावर बसली होती.

"किती दमलीय गं ही," मामा म्हणाला. "मला त्या वेळी दिसलं कसं नाही?"

दुसऱ्या कोणी त्याची समजूत घातली असती. मला ते जमत नाही.

"दिसलं होतं, मामा. दिसलं नसतं तर पुसलं कसं असतंस?"

तो रागावेल असं मला वाटलं होतं. त्याने फोन डोळ्यांच्या आणखी जवळ नेला.

"हो," तो म्हणाला. "दिसलं होतं."