मॉडेल बंद झालेली नेलगन

फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये किस्से फार साठतात, कारण हात कामात असले तरी तोंड मोकळं असतं. कसबा बावड्यात आमचं वर्कशॉप आहे. तिथं सकाळी सनमायका चिकटवताना सुरू झालेली गोष्ट दुपारच्या डब्यापर्यंत पुरते, आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट कुणीतरी दोन वाक्यं वाढवून परत सांगतो. नेलगनच्या गोष्टी मात्र मी वाढवत नाही. त्या आहेत तशाच पुरेशा आहेत.

नेलगन म्हणजे खिळे मारायची बंदूक. आमची बॅटरीवर चालते. टोक लाकडावर दाबायचं, घोडा ओढायचा, ठक्. खिळा आत. हातोडीचे पाच घाव वाचतात.

ती घेतली मी, पण ती आहे मल्लाप्पाअण्णांची.

*

अण्णा मूळचे गडहिंग्लजकडचे, आता गडमुडशिंगीत राहतात. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. मी कॉलेज सोडून या धंद्यात आलो तेव्हा रंधा कसा धरायचा हे त्यांनी शिकवलं. पुढं वर्कशॉप माझं झालं, तरी मला हाक मात्र ‘विन्या’ अशीच राहिली.

एकदा मोटरसायकलवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मूठ काही पहिल्यासारखी वळेना. हातोडी धरली की सुटायची. एक दिवस त्यांनी हत्यारांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि यायचे बंद झाले.

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेलो. दारातच म्हणाले, “ये की. चहा घे. पन कामाचं बोलू नगंस.”

मी बोललो नाही. नुसती नवी नेलगन आणि प्लायवूडचा एक तुकडा त्यांच्यासमोर खाटेवर ठेवला.

“ह्यो काय, ड्रिल हाय?”

“खिळं मारायचं मशीन आहे, अण्णा. डाव्या हातानं पण चालतं.”

त्यांनी उचलून पाहिलं. डाव्या हातात धरलं, उजवा नुसता आधाराला लावला. टोक दाबलं. ठक्. खिळ्याच्या जागेवरून अंगठा फिरवला. परत ठक्. चहा निवला. तुकड्यावर जागा उरली नाही तेव्हा त्यांनी खाटेच्या पायाकडं बघितलं. अण्णांची बायको, आमच्या काकू, आतनं म्हणाल्या, “खाटंला हात लावायचा न्हाय.”

अण्णांनी गन खाली ठेवली आणि मला विचारलं, “उद्या किती वाजता यायचं?”

*

बावड्यातच एका रिटायर्ड गुरुजींच्या घरी भिंतीला पॅनलिंग करायचं होतं. गुरुजींचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि ते शेजारच्याच खोलीत झोपून असायचे. त्यांच्या मिसेसनी आधीच बजावलं होतं, “ठोकाठोक झाली तर काम बंद करीन.”

हातोडीनं ते काम जमलंच नसतं. नेलगनचा आवाज येतो, पण एकदाच येतो. अण्णा एकेक खिळा असा मारत होते, जशी कुणाच्या दारावर अदबीनं टकटक करावी. चार दिवस कुणी तक्रार केली नाही.

पाचव्या दिवशी काम आवरून निघालो, तर बाईंनी आत बोलावलं. गुरुजी उशीला टेकून बसले होते. अण्णांना म्हणाले, “काल तुम्ही दोनशे अकरा मारले. आज नुसते एकशे चाळीस. बरं नव्हतं का तुम्हाला?”

बाई म्हणाल्या, “रोज मोजतात. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच कशात तरी मन लागलंय.”

अण्णा परत पॅनलिंगच्या खोलीत गेले, पिशवीतनं गन काढली आणि पॅनलच्या खालच्या पट्टीत, जिथं काही गरज नव्हती, तिथं दहा खिळे सावकाश मारले.

*

सलग चार वर्षं वापरलेलं मशीन शेवटी थकतंच. आधी खिळा अर्धा बाहेर राहायला लागला. मग अडकायला लागला. दर दहा खिळ्यांमागं बॅटरी काढा, टोक उघडा, वाकडा खिळा चिमट्यानं ओढा.

वारणानगरला एका कॉलनीत कपाटं करत होतो. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती, मंडपवाला दारात उभा होता, आणि गन पूर्ण बसली. मी हातोडी घेतली आणि राहिलेलं काम ठोकून काढलं. दोन तास लागले.

ते दोन तास अण्णा मला खिळे देत उभे होते. एकेक खिळा डाव्या हातानं माझ्या पुढ्यात धरायचा. ज्यांनी मला शिकवलं त्यांच्या हातनं मी खिळे घेत होतो, आणि मला वर बघवत नव्हतं.

येताना गाडीत अण्णा म्हणाले, “विन्या, मशीन गेलं म्हंजे आता मी बी घरी बसतो. वाईट वाटून घिऊ नगंस. चार वरसं फुकट मिळाली की.”

*

कोल्हापुरात हत्यारांच्या एका मोठ्या दुकानात गेलो. अण्णांना बळंच नेलं. काउंटरवरच्या माणसानं आमची गन उलटीपालटी केली आणि सरकवून दिली.

“पावणं, रिपेअरच्या नादाला लागू नका. पार्ट मिळत न्हाईत. हे मॉडेल बंद झालंय.”

अण्णा माझ्याकडं बोट करून म्हणाले, “मॉडेल तर माझं बी बंद झालंय. तरी ह्यो मला रोज कामावर न्हेतोय.”

तो हसला आणि त्यानं चांगल्या मनानं नवी गन दाखवली. ताकदीची होती, मोठा खिळा घेत होती. अण्णांनी डाव्या हातात धरली. जड पडली. टोक दाबायला जोर जास्त लागत होता, तो आधाराच्या उजव्या हातातनं येईना. तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा त्यांनी ती हळूच काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “चांगली हाय. तरण्या माणसाची हाय.”

मला तिथंच कळलं की नवी घ्यायची का जुनी दुरुस्त करायची हा प्रश्न मशीनचा नव्हताच.

*

शोभाक्काचं नाव काकूंनी काढलं. गडमुडशिंगीत त्यांच्या मागच्याच गल्लीत राहणारी बाई, शेतपंपाच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देते. नवरा गेल्यावर त्याचंच काम तिनं पुढं चालवलं. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या निम्म्या मोटारी तिच्या हातच्या.

गन बघून ती म्हणाली, “मला ह्यातलं काय येत न्हाय.”

मी परत घ्यायला हात पुढं केला, तर म्हणाली, “थांबा की. उघडल्यावर समजंल.”

आधी बॅटरी काढून लांब ठेवली. मग एकेक स्क्रू काढून, कुठला कुठं होता ते कळावं म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ओळीनं मांडला. अर्ध्या तासात तिनं दुखणं सांगितलं. खिळ्याला ढकलणारी पोलादी पट्टी झिजून आखूड झाली होती, आणि आतल्या रबराचे तुकडे पडले होते. बाकी सगळं ठणठणीत.

पट्टी तिनं भावाच्या लेथवर नवी करून घेतली. पहिली जाड झाली, दुसरी तुटली, तिसरी बसली. रबरासाठी एका जुन्या पंपाचं पॅकिंग कापलं. आठवड्यानं आम्हाला बोलावलं. फळी ठेवली, अण्णांनी टोक दाबलं. ठक्. खिळा लाकडात साफ बुडाला.

अण्णांनी खिळ्यावरून अंगठा फिरवला आणि शेजारी लगेच दुसरा मारला.

शोभाक्का म्हणाली, “पन एक ऐका. पैल्यासारखं दिवसभर राबवू नका. सकाळी काम, दुपारी इसावा. जड लाकडाला लावायचं न्हाय.”

“अक्का, हे मशीनला सांगताय का मला?”

“दोघं बी ऐकताय न्हवं? मग झालं.”

आता वर्कशॉपमध्ये दोन गन आहेत. दुकानातली ती जड नवी मी चालवतो. जुनी अण्णांची, आणि ती सकाळीच चालते. दुपारी अण्णा खुर्चीत बसून माझ्या कामातल्या चुका काढतात. मला दोन्हींचा फायदा होतो.

*

शेवटचा किस्सा ह्याच उन्हाळ्यातला.

शोभाक्का सगळं काम जमिनीवर बसून करायची. पोतं अंथरायचं, मोटर पुढ्यात घ्यायची आणि सकाळपासून वाकायचं. नवऱ्याचीही तीच पद्धत होती. उठताना कमरेला हात लावूनच उठायची. गन घ्यायला गेलो तेव्हा अण्णांनी ते बघून ठेवलं होतं, मला बोलले नव्हते.

एका सकाळी त्यांनी मला टेप घ्यायला लावला आणि तिच्याकडं नेलं. “अक्का, जरा सरळ हुबं ऱ्हावा.” ती उभी राहिली. अण्णांनी जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत माप घेतलं आणि काही न सांगता परत निघाले.

पंधरा दिवस, फक्त सकाळी, त्यांनी त्या मापाचं टेबल केलं. सागवानाच्या उरलेल्या पट्ट्या, खाली दोन खण, मोटर घरंगळू नये म्हणून कडेला पट्टी. मी मदत करू का विचारलं तर म्हणाले, “तू तुझं बघ.”

टेबल टेम्पोत घालून नेलं, तिच्या पडवीत लावलं. शोभाक्का नको नको म्हणत होती. अण्णांनी मोटर उचलायला मला सांगितलं, ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “करा सुरू.”

ती टेबलापुढं उभी राहिली. वाकायची सवय, म्हणून आधी वाकलीच. मग लक्षात आलं, तशी हळूहळू सरळ झाली. खांदे मागं गेले, मान वर आली. दोन्ही हात मोटरवर ठेवून ती तशीच उभी राहिली.

तिची सासू उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि सुनेकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

“शोभा,” ती म्हणाली, “तू एवढी उंच हाईस व्हय गं?”