आत्याची हळद

धुळ्याच्या फार्मसी कॉलेजात सरांनी प्रोजेक्टसाठी मला हळद दिली, तेव्हा मी चांगलीच फुगून बसले. मैत्रिणींना भारी भारी रसायनं आणि माझ्या वाट्याला फोडणीचं सामान! हळदीतला पिवळा घटक त्वचेच्या कॅन्सरला रोखू शकेल, असं तेव्हा बोललं जाऊ लागलं होतं. पण तो पाण्यात विरघळत नाही, कातडीत मुरत नाही. म्हणून सोयाबीनमधल्या स्निग्ध पदार्थाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पिशव्यांत तो भरून त्याचं मलम करायचं. अशा पिशव्यांना आज नॅनो म्हणतात.

सुट्टीत गावी आत्याला हे सांगितलं.

"तुन्ही हळद बारीक शे, मन्ही जाडी, इतलंच," ती हसली. मग हळूच म्हणाली, कमरेला लुगड्याची गाठ बसते तिथे तिला एक जुनी जखम आहे. रोज हळद भरायची आणि वरून पुन्हा लुगडं करकचून आवळायचं. डॉक्टर पुरुष, जागा कमरेची. दाखवणार कुणाला? "तुन्हं मलम माले दे वं माय."

मी हरखले. सरांकडे डबीभर मलम मागितलं.

"ते अजून उंदरालाही लावलेलं नाही," सर म्हणाले. "आधी जखम बघून ये."

मला रागच आला. तरी आत्याला सांगितलं, जखम बघितल्याशिवाय मलम नाही. मलमाच्या आशेनं तिनं लुगडं सैल केलं. हळदीखाली फुलकोबीसारखं मांस वर आलं होतं.

जळगावला बाई डॉक्टर शोधली. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. लुगडं, धोतर वर्षानुवर्षं घट्ट बांधणाऱ्यांना तिथेच होतो म्हणे. अजून पसरला नव्हता. ऑपरेशन झालं आणि आत्या वाचली.

टाक्यांवर दवाखान्यातलं पिवळसर मलम लावायचे. ते माझंच, असं आत्यानं ठरवून टाकलं. "मन्ही भाचीना मलमनी माले वाचाडं," असं ती गावभर सांगत सुटली. मी समजावून थकले. माझं मलम परीक्षेनंतर मोरीत गेलं होतं.

शरमेनं मी सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग खोटं काय बोलतात त्या?"

सरांचे आणि त्या हळदीचे उपकार मी विसरणार नाही. पुढे कितीतरी वर्षं आत्या एका हातानं सैल लुगडं सावरत मला स्टँडवर सोडायला येत राहिली.