म्हसोबाजवळ बंद पडणारी गाडी

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने मी घरात नुसती अडचण होतो. बायको झाडायला आली की पाय वर घ्यायचे आणि ती पुढे गेली की खाली सोडायचे, दिवसभरात माझं काम म्हणजे एवढंच. उभं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे फार लागतं. बायकोला मात्र मान वर करायला फुरसत नव्हती. देऊळघाटच्या शिवारातल्या आमच्या ओलिताच्या तुकड्यात ती मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी लावायची आणि बुलढाण्याच्या बाजारात नेऊन विकायची. माल न्यायला गल्लीतल्या एका पोराची गाडी भाड्याने सांगायची.

आपण गाडी घेतली तर तिला आपलीही गरज पडेल, या स्वच्छ स्वार्थापोटी मी एक पिकअप घेतली. पिकअप म्हणजे मूळची पेट्रोलवर चालणारी जीप. कुणीतरी मागचा भाग कापून तिथे लोखंडी हौदा बसवला होता. तिचा रंग कोणता हे कागदपत्रांत लिहिलेलं होतं, गाडीकडे पाहून कळत नव्हतं. बायकोला गाडी चालवता येत होती. माहेरी ट्रॅक्टर चालवलेली बाई ती, लायसनही होतं. पण या गाडीचा क्लच जरा वेगळा आहे, सगळ्यांना जमत नाही, असं सांगून मी स्टिअरिंग स्वतःकडे ठेवलं. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी मी पहाटे उठून केस विंचरून तयार असायचो.

पुढे गाडी धूर सोडू लागली, चढावर आचके देऊ लागली. दोष कार्बोरेटरमध्ये होता. पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला पाजणारा हा मुठीएवढा भाग, त्यात कचरा साचला होता. मेकॅनिककडे न्यायचं सोडून मी रिपेअरचं किट आणलं आणि ओसरीत वर्तमानपत्र पसरून बसलो. मोबाइलवर एक माणूस कुठल्याशा भाषेत सांगत होता आणि मी त्याचे हात पाहून पेच खोलत होतो. सगळे भाग पेट्रोलमध्ये धुतले, बारीक भोकांत फुंकर मारली, नवे वायसर घातले. जोडून झाल्यावर एक स्प्रिंग उरली. ती कुठली, हे शोधण्यात संध्याकाळ गेली. शेवटी ती बायकोच्या कपड्यांच्या चिमट्याची निघाली.

गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. मी इतका फुगलो की तिथेच थांबलो नाही. मुळात पेट्रोलमध्ये कचरा आलाच कुठून, असा शास्त्रीय प्रश्न मी स्वतःला विचारला. टाकीचं झाकण ढिलं होतं. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापला, झाकणात आतून घट्ट बसवला आणि झाकण दोन्ही हातांनी आवळलं. आता धुळीचा कणही आत जायचा नाही, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं."

दुसऱ्या दिवशी बाजाराला निघालो आणि गावाबाहेर, चढ सुरू होतो तिथे, गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. बाजूलाच बाभळीखाली शेंदूर लावलेला म्हसोबा. मी बॉनेट उघडून कार्बोरेटरवर पान्याने टकटक केलं. पेट्रोलचा काटा कधीचाच मेलेला असल्याने झाकण उघडून टाकीत काडी घालून पाहिली. पेट्रोल भरपूर. झाकण लावलं, सेल्फ मारला, गाडी सुरू. पान्याच्या दोन टोल्यांनी काम झालं, असं मी बायकोला समजावलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी गाडी पुन्हा म्हसोबापाशी बंद पडली.

मग माझ्या संशोधनाला जोर चढला. मी कार्बोरेटर पुन्हा खोलला. आतल्या फ्लोटची उंची कमी केली, मग वाढवली, मग होती तेवढीच केली. प्लग बदलले. ओसरीवर येणाजाणाऱ्या प्रत्येकाला माझं निदान ऐकवलं आणि प्रत्येकाने स्वतःचं निदान मला ऐकवलं. तरी गाडी म्हसोबापाशी यायची आणि थांबायची. प्रत्येक वेळी मी काडी घालून पेट्रोल पाहायचो, काहीतरी ठोकायचो, आणि ती निमूट पुढे निघायची. पुढे नुसता आचका आला तरी मी घाबरून थांबायचो आणि पुन्हा टाकीत पाहायचो. भाड्याच्या गाडीवाला पोरगा शेजारून जाताना हॉर्न देऊन विचारायचा, "मास्तर, देव पावला काय?"

बायकोचं मत सुरुवातीपासून एकच होतं. "नारळ द्या त्याले. सारं गाव देते. तुमीच एकटे शहाणे होऊन राह्यले."

"म्हसोबाले कार्बोरेटरातलं काय समजते?" मी म्हणालो. शाळेत अंधश्रद्धेवर दरवर्षी माझं भाषण असायचं. तेच मी चुलीपुढे पुन्हा केलं.

"तुमाले तरी कुठं समजलं?" ती म्हणाली. एका दिवशी उन्हात उभ्या उभ्या तिचा अख्खा पालक मान टाकून बसला, तेव्हा मात्र तिचा स्वर बदलला. "आता एक डाव बंद पडली ना, मी आपली त्या पोराच्याच गाडीनं जाईन. हे भंगारात द्या. मालाची माती होऊन राह्यली माह्या."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हिशेबाने बोलत होती आणि तिचं बरोबर होतं. गाडी गेली की माझं बाजाराला जाणं गेलं, आणि मी पुन्हा पाय वर घेऊन खाली सोडणार होतो. मला खरोखर भीती वाटली.

त्या दुपारी ती शेतात गेल्यावर मी देवघराजवळचा नारळ उचलला, पिशवीत घातला, वर वर्तमानपत्र ठेवलं आणि रिकामी गाडी घेऊन निघालो. म्हसोबापाशी ती इमानाने बंद पडली. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी पाहिलं. कुणी नव्हतं. मी चप्पल काढली, नारळ दगडावर आपटला, हात जोडले आणि मनात म्हटलं, हा फक्त एक प्रयोग आहे. सवयीने काडी घालून पेट्रोल पाहिलं, सेल्फ मारला. गाडी सुरू झाली आणि मी थेट बुलढाण्याच्या अलीकडपर्यंत जाऊन घरी परत आलो. वाटेत गाडीने दोनदा आचके दिले, दोन्ही वेळा मीच घाबरून थांबलो आणि टाकी उघडून पाहिली, पण म्हसोबाने बंद काही पडू दिली नाही. फोडलेला नारळ घरी नेला तर पकडला जाईन आणि फेकला तर पाप लागेल, म्हणून मी तो उभ्याने एकट्याने खाल्ला. रात्री पोट धरून बसलो होतो. बायकोने ओवा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तेलाचा नवा डबा काढला. खिळा ठेवून वर बत्ता मारला, एक भोक पाडलं आणि डबा वाकवला. तेल थेंब थेंब पडू लागलं. तिने डबा सरळ केला, पलीकडच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं. तेलाची सरळ धार लागली.

मी चहाचा कप हातात घेऊन तसाच उठलो. तेल बाहेर यायचं तर आत हवा जायला हवी. हे मी सातवीच्या किती वर्गांना शिकवलं असेल! आणि टाकीच्या झाकणाला हवेसाठी ठेवलेलं बारीक भोक मी स्वतःच्या हाताने, ट्यूबचा तुकडा लावून, बुजवलं होतं. पेट्रोल खेचलं जाऊन टाकीत हवा विरळ व्हायची, मग पेट्रोल यायचं थांबायचं, आणि ते थांबायला घरापासून म्हसोबापर्यंतचं अंतर पुरायचं. मी काडी घालायला झाकण उघडलं की सूं करून हवा आत जायची. तो सूं आवाज मी प्रत्येक वेळी ऐकला होता. मला वाटायचं, गाडी दमली आहे.

ट्यूबच्या तुकड्याला मधोमध भोक पाडलं. त्या आठवड्यात गाडी न थांबता बाजारात पोचली. म्हसोबा मागे गेला तेव्हा बायकोने हात जोडले आणि समोर पाहतच विचारलं, "नारळ फोडला ना तुमी? देवघरातला गायब हाय."

दोन वाटा होत्या. नारळाला श्रेय दिलं तर आयुष्यभराची भाषणं पाण्यात. झाकणाचं सांगितलं तर इतके दिवस मीच गाडी बंद पाडत होतो हे कबूल. मी घाबरून दोन्ही सांगितलं. हवेचा दाब, तेलाचा डबा, ट्यूबचा तुकडा, आणि हो, नारळही. ती हसायला लागली ती बाजार येईपर्यंत थांबली नाही. डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे बिघाड बी तुमीच केला न दुरुस्ती बी तुमीच केली. मधात मले उन्हात उभं केलं."

"पण आता नाही पडणार बंद," मी छाती काढून म्हणालो. "कधीच नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

पुढच्या बाजाराला मी केस विंचरून बाहेर आलो तर ती स्टिअरिंगवर बसलेली होती. "आता बंद पडत नाही ना? मंग तुमी कायले उन्हातान्हात येता? घरी आराम करा," ती म्हणाली. मायेनेच म्हणाली. क्लच तिने असा सोडला की गाडीला कळलंही नाही.

तो दिवस मी घरी काढला. वर्तमानपत्र वाचलं, मग त्यातल्या जाहिराती वाचल्या. गाडी इतकी चांगली दुरुस्त केल्याचा मला पश्चात्ताप होत होता. गल्लीत एखादी गाडी वाजली की मी उठून दारात जायचो. एकदा तर मी मनात म्हटलं, आज पडूच दे बंद, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. ती वेळेवर आली, सगळा माल विकून, गाणं गुणगुणत.

त्याच्या पुढच्या बाजाराला मी काही न विचारता डावीकडचं दार उघडलं आणि आत चढू लागलो.

"आता काऊन?" तिने विचारलं.

"रस्त्यात बंद पडली तर?"

"तुमीच म्हणे ना, पडत नाही."

"पण पडली तर?"

तिने बाजूच्या सीटवरची डब्याची पिशवी उचलून पायाशी ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "पण कशाले हात लावू नका."