वकीलकाकू आणि कॉलनीचे कान

मे महिन्यात अमरावतीत रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, कावळे नळाखाली चोच उघडून बसतात, आणि अशा दिवसांत आमच्या कॉलनीत एखादं लेकरू लोकरीची कानटोपी घालून अंगणात खेळताना दिसलं, की समजून घ्यायचं: याला ताप आहे आणि याला वकीलकाकूंना दाखवून झालं आहे. डॉक्टरची चिठ्ठी घरात फ्रिजवर पडलेली असते, ती कुणाला दिसत नाही. काकूंची चिठ्ठी डोक्यावर असायची, हनुवटीखाली गाठ मारलेली. टोप्या त्या स्वतः विणायच्या, उरलीसुरली लोकर वापरून. त्यामुळं एक कान हिरवा आणि एक तपकिरी अशीही पोरं आमच्याकडं होऊन गेली. ती आता पुण्या-हैदराबादेत इंजिनियर आहेत आणि फोटो पाहिला की चिडतात.

काकूंचे यजमान दिवाणी वकील. घराच्या व्हरांड्यात एका अंगाला त्यांचं टेबल, दुसऱ्या अंगाला काकूंचा पाट. टेबलापुढं पक्षकार बसायचे, पाटापुढं लेकुरवाळ्या. साहेबांकडचा वाटणीचा दावा आजानं सुरू करावा आणि नातवानं तारखा घ्याव्यात. काकूंचा निकाल मात्र चहाला उकळी फुटायच्या आत. मी कितीदा पाहिलं आहे, मूर्तिजापूरहून आलेला एखादा म्हातारा पक्षकार आपली फाइल मांडीवर धरून पाटाकडं अशा नजरेनं पाहायचा, की बाप्पा, आपण चुकीच्या रांगेत बसलो.

तपासायची त्यांची पद्धत एकच होती. लेकराच्या कानाची पाळी धरून हळूच ओढायची. लेकरू किंचाळलं, तर कान. नाही किंचाळलं, तरी कानच. "पोट्टं सोशिक हाये," म्हणायच्या. मग टाळूवर हात, मग जीभ, मग आईकडं पाहून, "जेवते का? गिळताना रडते का? नाक वायते का?" प्रश्न अगदी बरोबर असायचे, हे मी आजही सांगते. घोटाळा उत्तरं मिळाल्यावर व्हायचा.

कारण काकू कान पाहून कारण देत नसत. कोण घेऊन आलं ते पाहून देत.

हे माझ्या ध्यानात आलं ते आमच्या फूलवाल्या बेबीताईमुळं. तिच्या घरचा शेवंतीचा मळा, बाजारात फुलांचं दुकान, आणि घरात सासू. बेबीताई सकाळी पोराला घेऊन आली, तेव्हा काकू म्हणाल्या, "आजीनं आंघोळीत कानात पाणी जाऊ देल्लं." त्याच पोराला संध्याकाळी सासू घेऊन आली. काकूंनी पाळी ओढली आणि म्हणाल्या, "सून कूलरपुढं निजवते ना याले? मंग!" आणि सुट्टीच्या दिवशी त्याचा मामा घेऊन आला असता तर बापानं बडनेऱ्याहून गाडीवर पुढं बसवून आणल्याचं वारं नक्की लागलं असतं, पण मामा आलाच नाही, म्हणून त्या घरात वारं काही लागलं नाही.

मी विचारलं, "काकू, सकाळी तं पाणी होतं. संध्याकाळलोक त्याचा कूलर झाला?"

"हे पाय," काकू सुईवरचे टाके मोजत म्हणाल्या, "जे माणूस येते ना वं, ते घाबरून येते. त्याच्या मनात येकच असते का हे माह्यानं झालं. त्याले सांगावं का तुह्यानं नाई झालं. मंग ते शांत होते, अन् लेकरू बी शांत होते."

"अन् ज्याच्यानं झालं म्हणता, त्याचं?"

"ते इथं हाये कुठं?"

आता हे न्यायालय म्हणावं की काय म्हणावं! गैरहजर माणसाला शिक्षा, हजर माणूस निर्दोष. अर्थात घरी गेल्यावर निकाल फुटायचाच. मग सासूसुनेचं असं जुंपायचं, की त्या भांडणात लेकराला कोणी ना काजळ लावी, ना धुरी देई, ना कानात फुंकर मारी. बिचारं एका कोपऱ्यात निवांत झोपून जाई आणि दोन दिवसांत बरं होई. यश काकूंचं. एखादी आमच्या कॉलनीतल्या मास्तरीणबाईंसारखी शिकलेली असली, मोबाइलवर व्हिडिओ पाहून आलेली असली, तरी शेवटी पाटावर येऊन टेकायचीच. कारण व्हिडिओ सगळं सांगतो, पण "तुह्यानं नाई झालं" म्हणत नाही.

काकूंच्या दारातून कोणी रिकामं गेलं नाही आणि त्यांच्यामुळं कुणाचं मोठं नुकसान झालं नाही, त्याचंही कारण होतं. लेकरू मलूल पडलं असेल, दूध पाणी घेत नसेल, कानातून काही वाहत असेल, तर त्या पाळीला हातच लावत नसत. "हे माह्या कोर्टातलं नाई. वरच्या कोर्टात न्या, आत्ताच्या आत्ता." आणि जाईपर्यंत व्हरांड्यात उभ्या राहत.

फक्त एक औषध त्यांचं असं होतं, की ज्यानं त्यांचं स्वतःच्या घरात बिनसलं. लसूण परतलेलं कोमट तेल. कॉलनीतल्या लेकरांना थेंब, आणि स्वतःच्या लेकीला, रश्मीला, वाटीभर. रश्मी लहानपणी कानानं हैराण असायची. सगळी शाळा तिनं लसणाच्या वासात काढली. बाकावर शेजारी कोणी बसायचं नाही. आज फोडणी घातली का, म्हणून पोरी विचारायच्या. ती रश्मी मोठी झाली, अकोल्याला नोकरीला लागली, लग्न तिथंच झालं, आणि पोरगा झाला तेव्हा तिनं एकच ठरवलं: आईकडं याला एकटं ठेवायचं नाही. लेकरू पाळणाघरात जाऊ लागलं.  साहेब गेले, व्हरांड्यातलं टेबल कोणीतरी घेऊन गेलं, घर मोठं वाटायला लागलं. मग कधीकधी पाटावर बसून म्हणायच्या, "सगळ्या कॉलनीचे पोट्टे माह्या मांडीवर, अन् माह्या नातू ओजस पैशे देऊन परायाच्या घरी."

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात पाळणाघराला सुट्टी लागली आणि रश्मीला सुट्टी मिळेना. नाइलाज झाला. ओजसला आणून सोडताना ती दारातच उभं राहून आईला म्हणाली, मी शेजारीच होते, "आई, कानात काही टाकायचं नाही. तेल नाही, लसूण नाही, फुंकरसुद्धा नाही. एकदा जरी टाकलं ना, तर यापुढं मी त्याला इथं ठेवणार नाही."

काकू म्हणाल्या, "बरं." एवढंच. जन्मभर दुसऱ्यांचे निकाल लावणाऱ्या बाईवर हा पहिलाच खटला, आणि सुरू व्हायच्या आधीच शिक्षा ठरलेली.

ओजस आला तोच वाहतं नाक घेऊन. अडीच वर्षांचं गोड पोरगं, पण दोनच दिवसांत किरकिरं झालं. खाईना. डावा कान धरून ओढायला लागलं. अंग कोमट. म्हणजे ताप म्हणावा तर फार नाही, नाही म्हणावं तर हाताला लागतोच.

मी गेले तेव्हा व्हरांडा भरला होता. ज्यांना ज्यांना काकूंनी कारणं दिली होती, त्या सगळ्या आज परतफेड करायला आल्या होत्या. काकूंच्या मांडीवर ओजस हुंदके देत होता.

"दाढा येऊन राहिल्या त्याच्या," बेबीताई म्हणाली. "तुमीच तं सांगता."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "दाढाबिढा काही नाही. पाळणाघरात एकमेकांची सर्दी लागते. आणि आई झोपवून बाटलीनं दूध पाजत असेल. नोकरीवाल्यांना वेळ कुठं असतो?"

"खरं हाये. काकू, तुह्यानं काई नाई झालं," बेबीताईनं काकूंचंच वाक्य काकूंना दिलं. "त्या रश्मीनंच…"

"माह्या पोरीचं नाव घ्याचं नाई!"

 ओजस क्षणभर रडायचा थांबला.

"मंग काय झालं असंल वो काकू?" बेबीताईनं हळूच विचारलं.

काकूंनी पाळीकडं हात नेला. नेला आणि मागं घेतला. आणि म्हणाल्या, "मले मालूम नाई."

तुम्हाला सांगते, ग्रहण लागल्यासारखं झालं. हे शब्द त्या पाटावर आधी कोणी ऐकले नव्हते. बेबीताई माझ्याकडं पाहायला लागली, जसं काही मीच काकूंना काही करून ठेवलं आहे. काकू उठल्या, मला म्हणाल्या, "ऑटो आण वं. वरच्या कोर्टात जा लागते."

दवाखान्यात टीव्हीवर कार्टून चालू होतं आणि त्याच्याकडं फक्त आज्या पाहत होत्या. लेकरं रडत होती. प्रत्येक आजीकडं एक कारण होतं आणि ती ते शेजारच्या आजीला सांगत होती. काकू नुसत्या ओजसला थोपटत होत्या. डॉक्टर मुलगी होती, आमच्या रश्मीपेक्षाही लहान. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, कानात काय टाकलं?"

"काई नाई."

"तेल?"

"नाई म्हटलं ना."

"सगळ्या आज्या नाहीच म्हणतात," असं म्हणत तिनं बॅटरीचं यंत्र कानाला लावलं, आत पाहिलं, आणि भुवया वर केल्या. "खरंच नाही टाकलं हो!"

मग तिनं समजावून सांगितलं. नाकाच्या मागून कानाकडं एक बारीक नळी जाते. सर्दीनं ती बुजली, की पडद्याच्या आत पाणी साचतं, कान ठणकतो, बारीक ताप येतो. लहान लेकरांत हे फार होतं. "सर्दी कधीपासून?"

"अकोल्याहूनच घेऊन आला."

"मग सुरुवात तिथंच झाली."

काकू खुर्चीत पुढं सरकल्या. "अन् दाढा येताना पोट्टे कान वढते, ते?"

"ओढतात ना."

"आंघोळीचं पाणी?"

"त्यानंही बाहेरचा कान दुखतो कधीकधी."

"खेळता खेळता काई कानात घातलं तं?"

"परवाच एकाच्या कानातून तुरीचा दाणा काढला."

"तं मंग मी इतके वर्षं चुकीचं काय सांगून राहिली होती?" काकू माझ्याकडं वळल्या, जसं काही मीच विरुद्ध बाजूचा वकील.

डॉक्टर हसली. "चुकीचं काहीच नाही आजी. पण कोणत्या लेकराचं कोणतं, ते आत पाहिल्याशिवाय कसं कळणार? तेल मात्र कुणाच्याच कानात नको. पडद्याला भोक असेल तर नुकसान होतं." औषध दिलं. दोन दिवसांत उतार पडला नाही, ताप वाढला किंवा कान वाहायला लागला तर लगेच या, म्हणाली.

"अन् कानटोपी?"

डॉक्टरनं खिडकीबाहेरच्या उन्हाकडं पाहिलं, मग काकूंकडं पाहिलं, आणि पुढच्या लेकराला हाक मारली.

ऑटोत बसल्यावर काकू मला म्हणाल्या, "अकोल्याहून झालं म्हणून रश्मीले सांगू नोको."

फोनवर कळताच रश्मी संध्याकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून धावत आली. पर्स खांद्यालाच. पाणीही घेतलं नाही. काकूंच्या हातातून लेकरू घेतलं, आणि खाली वाकून तिनं त्याचा डावा कान हुंगला. मग उजवा. मग पुन्हा डावा.

लेकीनं आईसमोर लेकराचे कान हुंगावेत, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. आरोपीनं उभं राहावं तशा. मला वाटलं मी इथून निघून जावं.

"नाही टाकलं तू," रश्मी म्हणाली.

"तू नाई म्हटलं होतं ना."

रश्मी मटकन पाटावरच बसली. लेकराला छातीशी धरून रडायला लागली. "मीच वं आई. सर्दी होती त्याला, मला दिसत होती. तरी आणून टाकलं तुझ्याकडं. डॉक्टरला दाखवायला एक तास नव्हता माझ्याजवळ. माझ्यानंच…"

"काहून रडून राहिली?" काकू म्हणाल्या. "तुह्यानं काई नाई झालं. कूलरनं झालं. मीच त्याले रात्रभर कूलरपुढं निजवलं. माह्यी गलती."

रश्मीनं मान वर करून खिडकीकडं पाहिलं. कूलरची मोटर ओजस यायच्या आधीच जळाली होती आणि मिस्त्री अख्खा कूलर घेऊन गेला होता. खिडकीत नुसती चौकट होती, आणि तिच्यातून बाहेरचा निंब दिसत होता. रश्मी त्या चौकटीकडं पाहत राहिली. मग माझ्याकडं. मी साडीचा पदर नीट करायला लागले. मग तिनं आईकडं पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "असंल. कूलरच असंल."

तिसऱ्या दिवशी ओजस अंगणात कुत्र्याच्या मागं धावत होता, आणि रश्मी आईची बॅग भरत होती. पुढं काकू अकोल्यातच राहिल्या, नातवाला शाळेत पोचवू आणू लागल्या, आणि गेल्या त्याही तिथंच, या दिवाळीनंतर. निरोप आला तेव्हा बेबीताईनं दुकान बंद केलं आणि त्या रिकाम्या व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिली. पण मला काकू आठवतात त्या जातानाच्या, ऑटोत, मधे ओजस आणि पलीकडं रश्मी.

"आमच्याकडं एसी आहे," रश्मी म्हणत होती. "तुला त्रास नाही होणार."

"एसीनं तं कान जास्ती दुखते."

"आई!"

"मी फक्त सांगून राहिली वं. टाकत नाई काई."

ऑटो बडनेरा रोडला लागेपर्यंत दोघींचा आवाज येत होता. आणि मधे तो अडीच वर्षांचा माणूस एकदा आईकडं, एकदा आजीकडं मान फिरवत दोन्ही कानांनी सगळं ऐकत होता.