बझरची वायर

लोकांनो, आज माझ्या हातून फार वाईट झालं.

कामणच्या एका गोदामात मी फोर्कलिफ्ट चालवतो. सकाळपासून तिचा वॉर्निंगचा बझर थांबतच नव्हता. ब्रेक ऑइल बघितलं, बॅटरीची कनेक्शनं घट्ट केली, सीटबेल्ट काढून परत लावला. तरी टीं टीं चालूच! मेकॅनिक संध्याकाळी येणार होता आणि बाहेर ट्रकवाले हॉर्न मारून डोकं उठवत होते. शेवटी वैतागून मी बझरची वायरच उपटली. सगळे म्हणाले, "सुटलो बाबा!"

रिव्हर्सचा आवाजही त्याच बझरमधून येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या गोदामात मागे वळून कोणी बघत नाही, सगळे कानांवर विसंबतात. मीसुद्धा.

तेव्हा जेवायला गेलेले आमचे हमाल, सांडोर गावचे पास्कलकाका परत आले आणि पाठमोरे खोके रचायला लागले. मी रिव्हर्स घेतला. चाक त्यांच्या पायावर गेलं.

हॉस्पिटलमध्ये पायाला प्लास्टर घातलेले काका उलट मलाच समजावत होते, "तू कशाला रडतोस? माझेच कान गेले वाटतं. मला आवाजच आला नाय."

वायरचं त्यांना माहीत नाही. मी पाण्याची बाटली त्यांच्या उशाशी ठेवली आणि तसाच निघून आलो.

आता त्यांची मुलगी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणतेय. सांगा, उद्या त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ?